रस्त्यावरून दिसेल तेवढं

रफूकाकांकडे कोट घेऊन गेलं की ते आधी कोटवाल्याच्या तोंडाकडे बघत, मग भोकाकडे. भोक उजेडात धरून एक डोळा बारीक करत आणि म्हणत, "दारातला खिळा. घाईत होतात." गिऱ्हाईक म्हणे, छे हो, आपोआप विरलंय. काका मान हलवून कोट ठेवून घेत. आपण घाईत होतो हे कुणाला कबूल करायचं नसतं.

खरी गंमत कोट परत न्यायच्या वेळी. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून काढलेले धागे एक खाली, एक वर असे विणून काकांनी भोक असं बुजवलेलं असे, की ते होतं कुठं हेच सापडू नये. गिऱ्हाईक बाही उलटसुलट करी, दारात नेऊन बघे आणि शेवटी पाकीट काढताना तोंड वाकडं करी. इथं तर काही केलेलंच दिसत नाही. दिसत नाही त्याचे पैसे कसले? हा सवाल काकांनी उभा जन्म गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकला होता. नगरपालिकेच्या तोंडून ऐकायचा तेवढा राहिला होता.

घरही त्यांनी कोटासारखंच सांभाळलं होतं. खाली पुढं दुकान, दुकानामागं मधली खोली, तिच्यामागं मोरी. वर स्वयंपाकघर आणि झोपायची खोली. वरच्या खिडकीबाहेर कातीव गजांचा लाकडी कठडा. एकेकाळी गल्लीतल्या सगळ्या घरांना तसे कठडे होते. बाकीच्यांचे उन्हानं तडकले, पावसानं कुजले, काहींनी ते काढून तिथं लोखंडी गज ठोकले. काकांचा मात्र कालच बसवल्यासारखा. थंडी सरली की ते जवसाचं तेल आणि जुन्या कोटाचं अस्तर घेऊन खिडकीत बसत आणि एकेक गज पुसून काढत. गिलाव्याला चीर पडली की चुना, दाराची पट्टी सुटली की खिळा, कौल सरकलं की शिडी. बायको म्हणायची, या माणसाचं लग्न घराशीच लागायचं, चुकून मी मध्ये आले.

अशा गल्लीवर नगरपालिकेची नजर गेली. गल्लीच्या तोंडाशी एक दिवस पाटी लागली, की हा भाग आता वारसा विभाग आहे. इतके दिवस त्याला जुना भाग म्हणत आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी पत्ता सांगायला लोक लाजत. पाटी लागल्यावर घरं तीच राहिली, गटारही तेच राहिलं, फक्त लाजायचं कारण सरकारी झालं.

पैसा उभा करण्यात नगरपालिकेनं फार डोकं शिणवलं नाही. घरपट्टीच्या बिलात 'वारसा उपकर' नावाची एक ओळ वाढवली. जुन्या भागात राहायची हौस आहे ना, मग भरा. वर बँकेचं कर्ज काढलं आणि ते फेडायला गल्लीच्या तोंडाशी गाड्या लावायचे पैसे सुरू केले. म्हणजे येणाऱ्यानं येण्याचे द्यायचे आणि राहणाऱ्यानं राहण्याचे. सगळं एका निधीत जमणार आणि त्यातून घरमालकांना डागडुजीसाठी मदत मिळणार. आपलाच पैसा, फक्त परत घेताना नगराध्यक्षांबरोबर फोटो.

मदतीचे मुख्य नियम दोनच होते, पण ज्यानं केले त्याच्या हाताला मानलं पाहिजे. पहिला असा, की काम रस्त्यावरून दिसणारं हवं. जनतेचा पैसा जनतेला दिसला पाहिजे, असं नगराध्यक्षांनी सभेत सांगितलं. दुसरा, जितकी पडझड जास्त तितके गुण जास्त. सभेत मागून एकानं विचारलं, की ज्यांनी आपलं घर नीट ठेवलंय त्यांचं काय? नगराध्यक्ष म्हणाले, त्यांचं आम्ही मनापासून कौतुक करतो. आणि त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या. त्यांच्या अंगातल्या कोटाच्या कोपराला काकांनीच रफू केलेलं होतं. मागल्या रांगेतून काकांनी दोनदा बघितलं, त्यांनाही ते दिसेना. त्यांना बरं वाटलं.

आता मधली खोली. तिथं आक्का होती. आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. टेलिफोन खात्यात नोकरी झालेली, एका वेळी तीन माणसांशी बोलायची सवय आणि तिघांचंही मध्येच तोडायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर सांगे, लाइन लागली नाही. खुबा मोडल्यापासून तिला जिना चढता येत नव्हता, म्हणून तिची खाट मधल्या खोलीत, मोरीच्या जवळ. आणि खाटेच्या बरोब्बर वर, घराचा वरचा मजला ज्या एका लाकडावर उभा होता ती तुळई.

तुळईला वाळवी लागली होती. बाहेरून तेल पाजून पाजून काकांनी घराचं तोंड तुकतुकीत ठेवलं आणि वाळवीनं आतून जेवण उरकलं. कळलं ते आक्काच्या चहामुळं. कपात रोज चिमूटभर भुसा पडायला लागला. आधी तिनं भावजयीवर आळ घेतला, की चहा गाळत नाहीस. मग एके सकाळी तिनं वर बघितलं आणि चहा न पिता कप खाली ठेवला. तेव्हापासून तिनं खाटेच्या डोक्याशी छत्री बांधून घेतली. घरात छत्री उघडून निजलेली आक्का पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू येई. दुसऱ्यांदा येत नसे.

सुतार आला. त्यानं हातोडीच्या दांड्यानं तुळई ठोकली, कान लावला. मग एक जाड टेकू लावून दिला आणि म्हणाला, "हा पुढच्या पावसापर्यंत. भिंती ओल्या झाल्या की काही सांगता येत नाही. तोवर वर जरा हळू चाला." नव्या तुळईचा त्यानं सांगितलेला आकडा ऐकून काका त्याला पाणी विचारायचंही विसरले. एवढे कोट गावात फाटत नव्हते.

त्या दिवसापासून काका आणि काकू वरच्या मजल्यावर भिंतीला पाठ लावून चालू लागले. आपल्याच घरात चोरासारखे. आक्काला दुकानात हलवायचं काकांनी सुचवून बघितलं. ती म्हणाली, "मांड की दुकानात. भाव काय लावशील माझा?" विषय तिथंच मिटला. तशी तुळई दुकानावरूनही गेलेली होतीच.

तर काका नगरपालिकेत गेले. जुन्या इमारतींचं खातं अगदी नव्या इमारतीत होतं. काचेचं दार, गार हवा, आणि भिंतीवर पडक्या घरांचे मोठमोठे सुंदर फोटो. वारसा कक्षाच्या मॅडम वयानं लहान, बोलायला मऊ. त्यांनी काकांना बसवलं, पाणी दिलं, घराचा फोटो संगणकावर काढला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अय्या, हे तुमचं घर? मी येताजाता बघते. काय सुरेख ठेवलंय हो."

काका म्हणाले, सुरेख आहे, पण तुळई गेलीय. खाली आजारी बहीण आहे.

"तुळई रस्त्यावरून दिसते का?"

"मॅडम, तुळई आहे ती. ती रस्त्यावरून दिसायला लागली तर घर खाली आलेलं असेल."

"मग तसं झालं तर आपत्ती निवारणाकडे अर्ज करायचा," मॅडम म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या. तेवढ्यात त्यांनाच काकांची दया आली असावी. त्यांनी नियमांचं पुस्तक उलगडलं आणि एक फट शोधून दिली. दर्शनी भागाला मदत मंजूर झाली, तर त्या भागाला धरून ठेवणारं आतलं लाकूडकाम 'आधाराचं काम' म्हणून त्यात धरता येतं. म्हणजे पुढची बाजू पडकी ठरली की तुळई आपोआप आत. फक्त काकांच्या पुढच्या बाजूला पडझडीचा एकही गुण मिळण्यासारखा नव्हता. पाहणी समिती येईल तेव्हा बघू, असं म्हणून मॅडम थांबल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "काका, तोवर घराकडे जरा दुर्लक्ष करा ना."

काकांना ती शिवी वाटली.

काकूंना मात्र तो सल्ला पटला. पटायला शेजारीच उदाहरण होतं. शेजारचं घर कुलूपशेटचं. कुलपांचा मोठा व्यापार, राहायला नव्या वसाहतीत बंगला, आणि गल्लीतल्या घराला वर्षानुवर्षं आपल्याच दुकानातलं एक मोठं कुलूप. छपरातून झाड उगवलेलं. कठडा कधीच गळून पडलेला, त्याच्या गजांवर गल्लीतल्या लोकांनी पाणी तापवून आंघोळी केल्या होत्या. गिलावा सोलून आतल्या विटा दात काढून उभ्या. योजना जाहीर झाली आणि त्या घराला शंभरातले जवळजवळ शंभर मिळणार असं सगळेजण बोलू लागले. कुलूपशेट पेढी सोडून मुद्दाम घर बघायला आले, गाडीतून उतरले, वर झाडाकडे बघितलं आणि समाधानानं म्हणाले, "वडिलांची इच्छा होती, घराला हात लावू नका."

"बघा," काकू काकांना म्हणाल्या, "काही न करण्याला कष्ट लागत नाहीत. तुमच्याच्यानं तेवढंही होत नाही."

काकांच्या मनात आलं तर ते एखादं काम रात्रंदिवस करत, पण काही न करणं त्यांना खरंच जमत नव्हतं. आणि आता तर नुसतं न करून भागणार नव्हतं, बिघडवायचं होतं. काकूंनी मोहीम हातात घेतली. वरच्या खिडकीतून रोज धुण्याचं पाणी भिंतीवर ओतायचं. ओलीचा पट्टा उमटला. काकांनी कठड्याचा एक गज काढून आत ठेवला, त्या जागी तोंडातला दात पडल्यासारखं दिसायला लागलं. दुकानाच्या दाराची पट्टी त्यांनी पटाशीनं सैल केली, एक खिळा अर्धा बाहेर आला. हे सगळं करताना त्यांचा चेहरा असा, जणू कुणी त्यांनाच उसवतंय. आक्का खाटेवरून विचारी, "झालं का घर नासून? मला कळवा, मी छत्री मिटते."

समिती ठरल्या दिवशी आली नाही. नगराध्यक्ष आणि मंडळी दुसऱ्या देशातले वारसा विभाग बघायला अभ्यासदौऱ्यावर गेली होती. खर्च वारसा निधीतून, कारण अभ्यास वारशाचाच होता. ते परतेपर्यंत काकूंना एक दिवस दिसलं, की ओलीचा पट्टा नाहीसा झालाय. काकांनी कबूल केलं, हात शिवशिवत होते. काकूंनी पुन्हा पाणी ओतायला घेतलं. दुसरी तारीख पडली ती निवडणुकीमुळं रद्द झाली, तोवर गज जागेवर जाऊन बसला होता. काकूंनी तो पुन्हा काढला आणि या खेपेला आपल्या उशीखाली ठेवला. शेजारीणबाई म्हणाल्या, दारू सुटावी म्हणून माझ्या दिरावर एवढी नजर ठेवली होती. सुटली.

शेवटी समितीची नक्की तारीख आली. आदल्या दिवशी काकूंनी घराला एक फेरी मारली. ओल होती, गज नव्हता, पट्टी लोंबत होती, खिळा बाहेर होता. त्यांनी काकांना समोर बसवून शब्द घेतला, की उद्या दुपारपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. काकांनी शब्द दिला आणि तो मनापासून दिला. वर तुळई होती, खाली आक्का होती, आणि पावसाळा फार लांब नव्हता. त्यांना काय कळत नव्हतं?

सकाळी काकू औषधं आणायला गेल्या. काका दुकान उघडून बसले. दारातून एक बाई आपली शाल सावरत गेली आणि शालीचं टोक त्या बाहेर आलेल्या खिळ्याला घासून गेलं. अडकलं नाही. नुसतं घासलं. थोड्या वेळानं त्याच दारातून सात-आठ माणसं आत येणार. त्यातल्या मॅडमनी मागल्या वेळी लोकरीचा बारीक विणीचा कोट घातला होता. तसल्या विणीला खिळ्याची खोंच लागली की वीतभर पळत सुटते. उभा जन्म लोकांच्या खिळ्यांवर काकांचं पोट चाललं होतं, पण स्वतःच्या दारात मुद्दाम खिळा ठेवून त्यांनी कुणाचं कापड फाडलं नव्हतं. त्यांनी स्वतःला समजावलं. मग ते उठले. एवढा एकच खिळा, त्यानं काय गुण जाणार आहेत?

खिळा ठोकला तशी पट्टी सरळ झाली. पट्टी सरळ झाली तसा वरचा ओलीचा डाग फारच घाण दिसायला लागला. चुन्याचं डबडं तिथंच होतं. शिडीवर चढल्यावर कठड्यातली मोकळी जागा नाकासमोर आली. काकू परतल्या तेव्हा काका वरच्या खिडकीत बसून शेवटच्या गजाला तेलाचं बोट लावत होते, आणि गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेच्या गाड्या थांबत होत्या.

काकूंनी औषधाची पिशवी पायरीवर ठेवली आणि पायरीवरच बसल्या.

समिती घरासमोर बराच वेळ उभी राहिली. नगराध्यक्षांनी मान मागं टाकून कठडा बघितला आणि सोबतच्यांना सांगितलं, की अभ्यासदौऱ्यात असं एक घर आम्ही तिकीट काढून बघितलं. मॅडमनी कागदावर शून्य लिहिलं. काकांनी आत चला, तुळई बघा, असं दोनदा विनवलं. समिती आत आली, पण नियम पाळून, म्हणजे वर न बघता. छत्रीखालच्या आक्काला बघून नगराध्यक्ष गडबडले आणि तब्येत कशी आहे म्हणाले. आक्का म्हणाली, "मी बरी आहे. वरचीला विचारा." त्यांना वाटलं, वरती आणखी कुणी आजारी आहे. जाताना त्यांनी तिच्यासाठीही लवकर बरं व्हा म्हणून निरोप ठेवला.

कुलूपशेटच्या घराला भरघोस मदत मंजूर झाली. काकांना 'आदर्श घरमालक' म्हणून मानपत्र मिळालं, काचेच्या चौकटीत. काकांनी ते खाली मान घालून घरी आणलं. आक्कानं चौकट मागून घेतली, काचेवर टिचकी मारून बघितली आणि म्हणाली, "मापाची आहे. चहावर ठेवायला होईल."

शेजारी काम सुरू झालं. छपरातलं झाड आधी काढलं, त्याचाही फोटो निघाला. नव्या विटा, नवा चुना, सगळं सरकारी वेगानं, म्हणजे आधी काही नाही आणि मग एकदम. आणि कठड्यापाशी गाडं अडलं. नियमांच्या पुस्तकात एक ओळ होती, की दर्शनी लाकूडकाम मूळ काळातलं हवं, नवं बनवून लावलेलं चालणार नाही, नाहीतर मंजूर मदत परत. कुलूपशेटचा मूळ कठडा गल्लीच्या बंबात जळून गेला होता. ठेकेदारानं आसपासची गावं पालथी घातली. त्या घडणीचा, त्या मापाचा धड कठडा एकच उरला होता, आणि तो बघायला त्याला कुठं जायची गरज नव्हती, नुसतं शेजारी बघायचं होतं.

कुलूपशेट पहिल्यांदाच काकांच्या दुकानात आले. आपला एक कोटही बरोबर आणला होता, उगाच. इकडतिकडचं बोलून झाल्यावर मुद्द्यावर आले. वारसा सगळ्यांचा असतो, तुमचा कठडा माझ्या घरावर गेला तरी गल्लीतच राहणार, म्हणाल ती किंमत देतो. निधीत 'मूळ लाकूडकाम मिळवणे' असं वेगळं खातं आहे आणि त्याला वरची मर्यादा नाही.

काकू जिन्यात उभ्या होत्या. कठडा म्हणजे काकांचा जीव, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्याच मध्ये पडून म्हणाल्या, की नाही म्हणा. घर नासवायला निघालेली मी, पण हे नको.

काकांनी कोट उजेडात धरला. भोक बघितलं. मधल्या खोलीत चौकट उचलून आक्का चहा पीत होती, त्याचा आवाज येत होता. मग काका म्हणाले, "किंमत नको."

"मग?"

"तुळई घालून द्या. मधल्या खोलीची. तुमचीच माणसं, तुमचंच लाकूड. पाऊस यायच्या आत."

कुलूपशेटना हा सौदा फार स्वस्तात पडल्यासारखा वाटला, आणि त्यांचं ते वाटणं चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी उगाच थोडा विचार केला. "एवढंच?"

"आणि कठडा उतरवताना मी असणार. पटाशी कुठं लावायची ते मी सांगणार."

तशी ती तुळई आली. आठ माणसांनी खांद्यावर आणली. रस्त्यावरून न दिसणाऱ्या ज्या कामाला नगरपालिकेनं एक छदाम द्यायचा नाही असं ठरवलं होतं, ते काम नगरपालिकेच्याच पैशानं, शेजारच्या घराच्या कठड्याच्या नावावर झालं. निधीच्या हिशेबात काही चूक नव्हती. आक्काला तेवढ्यापुरतं दुकानात हलवावं लागलं. तिथं ती काकांच्या गिऱ्हाइकांना पुढच्या खेपेला दारातून जरा सावकाश जा म्हणून सांगत बसली. परत खाटेवर आल्यावर तिनं वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि छत्री सोडायला सांगितली. पहिला कप चहा तिनं मुद्दाम उघडा ठेवून गार होऊ दिला. काही पडलं नाही. मग म्हणाली, आता चवच लागत नाही मेली.

काकू त्या दिवशी वरच्या खोलीत अगदी मधोमध उभ्या राहिल्या. काही कारण नसताना.

शेजारच्या घराचं उद्घाटन झालं. पितळी फलक लागला, की मालकानं मूळ कठडा पिढ्यान्‌पिढ्या जतन केला. कुलूपशेटनी भाषणात वडिलांची आठवण काढली आणि मग घराला पुन्हा कुलूप लावून ते बंगल्यावर गेले. काकांच्या घराचं तोंड मात्र उघडं पडलं. बिनकठड्याची खिडकी, कठड्याची लाकडं भिंतीतून काढल्यानं दोन्ही अंगांना पडलेली मोठी खिंडारं. नगरपालिकेची नोटीस आली, की आपल्या घरामुळं वारसा विभागाची शोभा जाते. नोटिशीमागोमाग मॅडम स्वतः आल्या. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. "काका, या खेपेला तुम्हाला पन्नासच्या वर गुण मिळतील. कठडा गेलाय, भिंत फुटलीय. नवा मूळ कठडा शोधायला निधीत पैसे आहेत. फक्त पाहणी होईपर्यंत..."

"हात लावणार नाहीत," काकूंनी सांगितलं. "मी उशाशी बसते."

मग पाऊस आला. खिंडारांतून पाणी भिंतीत उतरायला लागलं आणि भिंतीतून ते नेमकं नव्या तुळईच्या टोकाकडे निघालं. हे काकांना दिसलं, कुणाला दाखवायच्या आधी दिसलं. काकूंनाही त्यांनी नेऊन दाखवलं. त्या शिडी धरायला आल्या. दोन्ही खिंडारं काकांनी विटेचे तुकडे आणि चुना भरून बंद केली, वरून जुन्या गिलाव्याचाच चुरा घोटून लावला.

पाहणीला मॅडम आल्या तेव्हा त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. जुना फोटो काढून समोर धरला आणि रडकुंडीला आल्या. "काका, इथं कधी कठडा होता याचा मागमूससुद्धा नाही. मी काय लिहू?"

"नव्हता असं लिहा," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात लाज होती, आणि लाजेच्या खाली थोडी ऐट.

मॅडमनी शून्य लिहिलं. निघताना दारापाशी थांबून त्यांनी कोटाची बाही पुढं केली. दुसऱ्याच कुठल्या तरी घराच्या पाहणीत खिळ्याला अडकली होती.

थंडी सरली. शेजारचं कुलूप तसंच होतं. कठड्यावर धूळ बसली होती आणि खालच्या दोन गजांना उन्हानं केसासारख्या चिरा पडायला लागल्या होत्या. त्या रस्त्यावरून दिसत नव्हत्या, काकांच्या खिडकीतून दिसत होत्या. एका दुपारी काकूंनी वर येऊन बघितलं, तर काका कंबरेपर्यंत खिडकीबाहेर. काठीच्या टोकाला कोटाचं अस्तर बांधलेलं, डाव्या हातात तेलाचं डबडं, आणि काठी कशीबशी शेजारच्या तिसऱ्या गजापर्यंत पोचलेली. पुढचे पोचत नव्हते.

खालून आक्कानं हाक मारून विचारलं, काय चाललंय वरती, धडधड कसली?

काकूंनी काही नाही म्हणून सांगितलं. मग त्या गुडघ्यांवर बसल्या आणि काकांच्या पट्ट्याला मागून घट्ट धरलं.

"व्हा पुढं," म्हणाल्या. "धरलंय."